लंगडा त्यागीचा पाय आणि पप्पांचा हात

‘ओंकारा’ मी पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलच्या खोलीत, पाच जणांत एक लॅपटॉप ठेवून. दुसऱ्यांदा पाहिला मागच्या दिवाळीत, गावी, पप्पांच्या शेजारी बसून. पहिल्या वेळी आम्ही पाचही जण सैफ अली खानवर फिदा होतो. नंतर महिनाभर आम्ही लंगडा त्यागीसारखं बोलायचो आणि मेसच्या रांगेत त्याच्यासारखं चालून दाखवायचो. मीसुद्धा. दुसऱ्या वेळी सिनेमा सुरू होऊन अर्धा तास झाला असेल, तेव्हा पप्पा म्हणाले, “ह्येचा हात कुठाय रे?”

मला काही कळलं नाही.

“लंगडा हाय न्हवं त्यो? मग दोन्ही हात मोकळे कसे?”

पप्पांना वयाच्या दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला. जन्म १९६८ चा, गाव तासगाव तालुक्यातलं, आणि पल्स पोलिओची मोहीम सुरू व्हायला अजून सत्तावीस वर्षं होती. उजवा पाय गेला. ‘गेला’ हा घरातला शब्द, प्रत्यक्षात पाय जागेवरच आहे. मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायू तेवढा गेला. उजवं पाऊल टेकलं की पप्पा उजवा तळवा मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर, दाबतात. पाऊल, दाब, पाऊल, दाब. ते गल्लीत शिरले की आधी चप्पल ऐकू येते आणि मग कापडावरचा हात. त्यांच्या सगळ्या पॅंटी उजव्या मांडीवर आधी चकाकतात आणि मग विरतात. गावातला टेलर नवीन पॅंट शिवताना तिथे आतून अस्तर लावून देतो. त्याला कुणी सांगत नाही, तो पैसेही लावत नाही.

म्हणजे पप्पांना चालायला एक हात लागतो. उरलेल्या हातात पतसंस्थेची बॅग. पावसाळ्यात छत्री की बॅग, हा प्रश्न रोज सुटायला लागतो. ते बॅग घेतात आणि भिजतात.

मग मी सिनेमा पुढे ढकलला, मागे आणला आणि फक्त हात बघत बसलो.

पप्पांचा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या थोडा अन्यायाचा आहे, हे आधीच मान्य करतो. सगळी लंगडणारी माणसं एकसारखी लंगडत नाहीत. घोट्याजवळून पाऊल लोंबत असेल तर माणूस गुडघा उंच उचलून पाऊल टाकतो, जणू प्रत्येक वेळी अदृश्य उंबरा ओलांडतोय. अर्धांगवायूनंतर पाय ताठ झाला असेल, तर तो सरळ पुढे न येता बाहेरून अर्धवर्तुळ काढत येतो. कमरेच्या बाजूचा स्नायू कमकुवत असेल तर धड त्या पायावर कलतं. नुसतं दुखत असेल, तर माणूस त्या पायावर कमीत कमी वेळ उभा राहतो आणि दुसऱ्यावर घाईने येतो. पार्किन्सनमध्ये पावलं आखूड होतात, घसटतात आणि कधी कधी आपोआप पळायला लागतात. ज्याच्या नावावरून हा आजार ओळखला जातो त्या जेम्स पार्किन्सननं १८१७ मध्ये लंडनमध्ये जो छोटा निबंध छापला, त्यातली काही माणसं त्यानं फक्त रस्त्यावरून येता-जाता पाहिलेली होती. रस्त्यावर माणसाकडे टक लावून बघणं वाईट, असं आपल्याला शिकवतात. पार्किन्सननं नीट टक लावून पाहिलं म्हणून तो निबंध झाला.

तेव्हा लंगडा त्यागीला पप्पांचाच आजार असायला हवा, असा हट्ट नाही. पण प्रश्न उरतो. त्याला नेमकं काय झालंय? आणि जे काही झालंय, त्याबद्दल त्याच्या बाकीच्या शरीरानं काय ठरवलंय?

हे प्रश्न मला सुचले यामागे माझी नोकरी आहे. मी ज्या टीममध्ये काम करतो ती फोनमधल्या सेन्सरवरून माणसाची चाल ओळखणारं सॉफ्टवेअर लिहिते. पावलं मोजणं हा त्यातला सोपा भाग. टाच टेकली की सेन्सरच्या आलेखात एक शिखर येतं, पुढच्या टाचेला पुढचं. शिखरं साधारण सारख्या उंचीची आणि सारख्या अंतरावर असतील हे आम्ही गृहीत धरतो. मी पप्पांच्या खिशात फोन ठेवून त्यांना अंगणातून रस्त्यापर्यंत आणि परत चालायला लावलं आणि तोंडानं मोजलं. माझी १०० पावलं झाली तेव्हा फोनची ५८ झाली होती. उजवी पावलं त्याला जवळजवळ दिसतच नव्हती. पप्पांनी फोन परत देत विचारलं, “मग बाकीची कुणी चालली?”

टीमला नमुने हवेच होते, म्हणून मी ती फाईल ठेवून घेतली. फाईलच्या शेवटच्या रकान्यात नॉर्मल असेल तर ०, ॲबनॉर्मल असेल तर १ टाकायचा असतो. मी १ टाकला. टाकायला एक सेकंद लागला.

त्याच काळात मी जॅकलिन पेरी यांचं पुस्तक वाचायला घेतलं. ‘गेट ॲनॅलिसिस: नॉर्मल अँड पॅथॉलॉजिकल फंक्शन’, १९९२ चं. माणसाच्या चालण्यावर काम करणारा कुणीही कधीतरी या पुस्तकापाशी येतोच. पेरी अमेरिकन अस्थिशल्यविशारद होत्या. कॅलिफोर्नियातल्या रांचो लॉस अमिगोस या रुग्णालयात १९५० च्या दशकात त्यांच्यासमोर पोलिओचे रुग्ण होते आणि त्यांचं शास्त्र तिथून वाढलं. मी संदर्भापुरतं चाळायला म्हणून उघडलं आणि कादंबरी वाचावी तसं वाचत गेलो. कादंबरीचे गुण त्यात आहेत म्हणून नव्हे. गद्य कोरडं ठणठणीत आहे. त्यात कुणाला नाव नाही, गाव नाही, पावसाळा नाही. ‘लिंब’ एवढाच नायक. पण बघण्याची जी चिकाटी या बाईंकडे आहे ती आपल्या कितीतरी दिग्दर्शकांकडे नाही.

पेरी एका चालीचं चक्र आठ टप्प्यांत तोडतात. पाय साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के वेळ हवेत. शरीराचे त्या दोन भाग पाडतात: डोकं, हात आणि धड हा ‘प्रवासी’, आणि कंबर व पाय हे त्याला वाहून नेणारं वाहन. मला ही उपमा फार आवडली आणि लगेच तिच्यावर रागही आला. कारण आमच्या घरातला प्रवासी उतरून गाडीला धक्का मारतो.

पण पुढे पेरीच ते समजावतात. टाच टेकते तेव्हा वजनाची रेषा गुडघ्याच्या मागून जाते. त्यामुळे गुडघा दुमडायला बघतो आणि मांडीचा पुढचा स्नायू त्याला धरून ठेवतो. तो स्नायूच नसेल तर काय करायचं? वजनाची रेषा गुडघ्याच्या पुढे आणायची, म्हणजे वजनच गुडघ्याला मागे ढकलून सरळ ठेवतं. त्यासाठी धड पुढे झुकवा, किंवा हातानं मांडी मागे रेटा. दोन वर्षांच्या पोराला हे कुणी शिकवलेलं नसतं. पप्पांना तर आजही ‘बल’ आणि ‘रेषा’ असल्या भाषेत ते सांगता येणार नाही. पण त्यांच्या शरीरानं गणित सोडवलं आणि गेली पन्नासेक वर्षं तेच उत्तर दर पावलाला पुन्हा लिहितंय. पेरी वाचल्यावर मला पहिल्यांदा दिसलं की लंगडणं म्हणून जे आपण बघतो त्यातला बिघाड फार थोडा असतो, बहुतेक सगळी दुरुस्ती असते. मूळ बिघाड उघडा पडला तर माणूस लंगडणार नाही, कोसळेल.

ही मोजपट्टी हातात घेऊन मी सिनेमाकडे परत गेलो.

गोष्टींमध्ये लंगडणारा माणूस आला की तो सहसा कशाची तरी खूण असतो. शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड हा खलनायक कुबडा आणि लंगडा. खऱ्या रिचर्डचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टर शहरातल्या एका कार पार्कखाली सापडला. पाठीचा कणा वाकडा होता, पण पायांची हाडं नीट होती. तो लंगडत नसावा, असं २०१४ मध्ये तपासणाऱ्यांनी लिहिलं. म्हणजे राजाचा पाय लंगडा केला तो लेखणीनं. आपल्याकडे बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारता’त गूफी पेंटल यांचा शकुनी लंगडत येतो. माझ्या आधीच्या पिढीला त्याचे संवाद आठवत नसले तरी ती चाल आठवते. उलट्या टोकाला ‘दोस्ती’ (१९६४) मधला कुबड्या घेतलेला रामू. त्याच्या पायात कपट नाही, सगळा चांगुलपणा आहे. पण तीही खूणच. कपट काय नि करुणा काय, दोन्हीकडे पायाला स्वतःचा असा काही दिवस नसतो. जिना चढायचा, बस पकडायची, शौचाला बसायचं, यांतलं काही तो पाय करत नाही.

आणि मग ‘द यूज्वल सस्पेक्ट्स’ (१९९५). ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडून द्या. शेवटी पोलीस ठाण्यातून बाहेर पडणारा व्हर्बल किंट रस्त्यानं चालत जातो, कॅमेरा त्याच्या पायांवर, आणि आत वळलेलं पाऊल चालता चालता सरळ होत जातं. मी कॉलेजात असताना हा शॉट दहा वेळा पाहिला असेल. थिएटरमध्ये असतो तर टाळी वाजवली असती. आता बघताना ती टाळी कशासाठी होती हे कळतं. दिग्दर्शक आपल्याला सांगतो की लंगडणारा माणूस म्हणजे आपल्या दयेचा फायदा घेणारा हुशार माणूस. पप्पांना बसमध्ये राखीव सीटवर बसताना जी नजर झेलावी लागते, ती अगदी हीच. खरंच आहे का ह्याला काही? शॉट अप्रतिम आहे, यात शंका नाही. त्यानं शिकवलेली नजर मात्र माझ्याही डोळ्यांत आहे.

आता लंगडा त्यागी. ‘ऑथेल्लो’तला इयागो लंगडत नाही. पाय विशाल भारद्वाज यांनी दिला. का दिला? सैफचं काम आजही थक्क करणारं आहे. वरात अडवून रज्जूशी तो बोलतो तेव्हापासून सिनेमा त्याच्या मुठीत असतो. एक गोष्ट मनापासून आवडते: त्याची कुणालाच कीव येत नाही. कुणी त्याला हात देत नाही, खुर्ची सरकवत नाही, आणि तोही मागत नाही. हिंदी सिनेमात हे दुर्मीळच. पण त्याच सिनेमात दुसरा एक माणूस आहे, ज्याला जन्मानं मिळालेलं विशेषण चिकटलंय. ओंकाराची आई खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीतली, म्हणून त्याला ‘अर्धा’ म्हणून हिणवलं जातं. त्या विशेषणाकडे सिनेमा जखम म्हणून बघतो. ते त्याला आतून कसं पोखरतं, कशावरही विश्वास कसा ठेवू देत नाही, हे सगळं आपल्याला दाखवलं जातं. ‘लंगडा’ हे विशेषण मात्र नावाआधी लागलं आणि तिथेच थांबलं. त्याला बाहुबली केलं नाही, केसूला केलं, एवढाच त्याचा सल. सगळ्या गावानं आयुष्यभर तोंडावर लंगडा म्हटल्यानं या माणसाचं काय झालं असेल, हा प्रश्न सिनेमा विचारत नाही. एका माणसाला शोकांतिका मिळाली, दुसऱ्याला चालण्याची लकब.

मराठी भाषाही इथे फार वेगळं वागत नाही. लंगडी सबब, वासरात लंगडी गाय शहाणी. आणि दुसरीकडे यंत्र चालतं, दुकान चालतं, पोराचं डोकं चालतं. नीट असण्यासाठी आपल्याकडे चालण्याशिवाय शब्दच नाही.

ज्या सिनेमात मला चाल खरोखर शरीरभर दिसली, त्यात कुणाचाच पाय अधू नाही. रवी जाधव यांचा ‘नटरंग’ (२०१०), आनंद यादवांच्या कादंबरीवरचा. गुणा कागलकर पैलवान गडी आहे. त्याला फडात राजा व्हायचंय, पण फडाला नाच्या हवा आणि नाच्या व्हायला कुणी तयार नाही. म्हणून तो स्वतः होतो. अतुल कुलकर्णी आधी पैलवानासारखा चालतो: पाय फाकलेले, दंड अंगापासून सुटे, वजन टाचांवर. मग तेच अंग उतरतं आणि कमर, मनगट, मान वेगळी वागायला लागतात. इथे चाल म्हणजे मेहनत आहे. ती कमवावी लागते आणि तिची किंमत मोजावी लागते. डॉक्टरनं तपासलं तर गुणाच्या दोन्ही चाली शंभर टक्के नॉर्मल निघतील. गाव मात्र दुसऱ्या चालीला माफ करत नाही आणि शेवटी ते त्या शरीरावरच तुटून पडतं.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉसनं १९३४ च्या एका व्याख्यानात एक किस्सा सांगितला होता. न्यूयॉर्कमध्ये तो आजारी पडून रुग्णालयात होता. तिथल्या नर्सेसची चाल त्याला कुठेतरी पाहिल्यासारखी वाटत होती. मग आठवलं, की सिनेमात. फ्रान्सला परतला तर पॅरिसच्या मुलीही तशाच चालत होत्या. देव आनंदसारखं तिरकं चालणारे काका आपल्या प्रत्येकाच्या घरात एक तरी होऊन गेले. म्हणजे ‘नॉर्मल’ चालही थोडीफार पडद्यावरूनच येते. मग सेन्सरच्या आलेखात आम्ही जी सारख्या उंचीची शिखरं शोधतो ती कुणाची? आमच्या नमुन्यांत बहुतेक पंचविशीतली, ऑफिसच्या गुळगुळीत फरशीवर स्पोर्ट्स शूज घालून चालणारी माणसं आहेत. अनवाणी, डोक्यावर भारा घेतलेली एकही बाई नाही. पेरींच्या पुस्तकाबद्दल माझी तक्रारही इथेच आहे. त्यांचे आलेख सपाट जमिनीवरचे. बांधावरून, चिखलातून, देवळाच्या पायऱ्यांवरून चालणारा त्यांच्याकडे नाही. जयपूर फूट बनवताना रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जे प्रश्न विचारले, की या पायानं उकिडवं बसता येईल का, शेतात अनवाणी जाता येईल का, ते प्रश्न पेरींच्या पुस्तकात शोधून सापडत नाहीत.

पण पेरींचं दुसरं एक काम आमच्या घरी येऊन थांबलं. १९८० च्या दशकात पोलिओतून उठलेली जुनी माणसं पुन्हा त्यांच्याकडे यायला लागली. तीस-चाळीस वर्षं नीट चाललेली ही माणसं आता थकत होती, चांगले अवयवही दगा देत होते. जे स्नायू वाचले होते त्यांनी इतकी वर्षं दुसऱ्यांचं काम केलं होतं. पेरी त्यांना सांगू लागल्या की अजून जोर लावू नका, कमी करा. आयुष्यभर ‘जिद्दीनं चाल’ ऐकलेल्या माणसांना हे ऐकणं किती अवघड गेलं असेल.

पप्पांचं उजवं मनगट दीड वर्षापासून दुखतंय. मग खांदा. मग डावा, चांगला पाय. आधी एका डॉक्टरांनी वय झालं म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी चालायला लावलं, दारातून टेबलापर्यंत, आणि फक्त हाताकडे बघितलं. म्हणाले, “किती वर्षं दाबताय?” कॅलिपर लिहून दिला, मांडीपासून पावलापर्यंतचा, गुडघ्याला कुलूप असलेला. लहानपणी पप्पांना एक होता, लोखंड आणि चामड्याचा. तो जड होता आणि पाय वाढला तसा अपुरा पडला, म्हणून सुटला तो सुटलाच. हा हलका आहे. तरी त्यांनी तो तीन आठवडे कपाटावर ठेवला. आई म्हणाली, लोक काय म्हणतील म्हणून घालत नाहीत. पप्पा म्हणाले, “लोकांचं न्हाई. माझं पाऊल मला वळखू येत न्हाई त्यात.”

गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा त्यांनी तो माझ्यासमोर घातला. कुलूप लावलं, भिंत धरून उठले आणि अंगणात आले. ताठ. मी त्यांना इतकं उंच कधी पाहिलं नव्हतं. फोन त्यांच्या खिशात होता. मी काही न सांगता तो ठेवला होता आणि पावलं मोजत होतो. रस्त्यापर्यंत गेले, वळले. उजवा हात दर पावलाला मांडीकडे जायचा, अर्ध्यातून परत यायचा. मध्येच थांबून त्यांनी तो शर्टाच्या खिशात घालून बघितला, मग पाठीमागे बांधून बघितला.

“आरं,” ते म्हणाले, “ह्यो हात आता कुठं ठेवू?”

मी घरात जाऊन त्यांची बॅग आणली आणि छत्रीही आणली. त्यांनी बॅग डाव्या हातातच घेतली.